एलईडीची माळ आणि यूएलएन २००३

आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट ओढू नये. १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावायची तर मध्ये यूएलएन २००३ ही जास्त करंट सांभाळणारी चिप घाला. तिच्यात सात डार्लिंग्टन जोड्या (करंट वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या जोड्या), आणि इनपुटचे रेझिस्टर आतच. ही चिप फक्त ग्राउंडकडे ओढते. म्हणून पट्टीची प्लस वायर थेट १२ व्होल्टला, मायनस चिपच्या आउटपुटला. मी पहिल्यांदा उलटं जोडलं आणि तासभर कोडमध्ये चूक शोधत बसलो! चिपची ८ नंबरची पिन, आर्डुइनो आणि १२ व्होल्टचा सप्लाय, तिघांचं ग्राउंड एकच हवं. चिपची ९ नंबरची पिन (आतल्या संरक्षक डायोडची) रिले-मोटरसाठी. एलईडीला मोकळी सोडली तरी चालते. सुट्या एलईडीला रेझिस्टर मात्र लागतोच. चिप स्वतः साधारण एक व्होल्ट खाते, तेवढा हिशेबात वजा करा: ५ व्होल्टवर लाल एलईडीला १०० ओहम पुरे.