जुन्या मोटारसायकलचे इंजिन पार्ट घरी बनवताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात, शेतीची कामं थंडावली की आमच्या शेडमध्ये जुन्या येझदी, राजदूत, बुलेट यायला लागतात. वडिलांची नाहीतर आजोबांची गाडी, कित्येक वर्षं गोठ्यात कडब्याआड पडलेली. पोरानं मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिलेले असतात. हातात एक झिजलेला पार्ट आणि तोंडात ठरलेलं वाक्य: "सेम टू सेम असाच बनवून द्या."

पार्ट बनवावे लागतात हे मलाही मान्य आहे. मैसूरचा येझदीचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. 2018 ला जावा आणि 2022 ला येझदी परत आली खरी, पण ती फोर-स्ट्रोक. तिच्या इंजिनातलं जुन्या टू-स्ट्रोकला काही चालत नाही. पण "सेम टू सेम" हीच सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती मी दर वर्षी पाहतो.

झिजलेल्या पार्टवरून माप घेणं

जो पार्ट तुम्ही नमुना म्हणून घेऊन आलात, तो खराब झाला म्हणूनच तर बाहेर निघाला. त्याचं माप आता त्याचं राहिलेलं नाही.

मी हे माझ्या मावसभावाच्या येझदीवर शिकलो. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या डोळ्यातला (भोकातला) बुश, म्हणजे पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन ज्यात फिरते ती धातूची नळी, ढिली झाली होती. मी जुना बुश काढला, व्हर्निअरनं बाहेरचं माप घेतलं आणि गावातल्या लेथवर नेऊन दिला. तिथं दिवसभर पाण्याच्या मोटारींचे बुश निघतात, त्यामुळे गनमेटल तयारच होतं. तासाभरात बुश हातात आला. डोळ्यात ठेवला तर अंगठ्यानं दाबताच आत गेला. टर्नर म्हणाला, "पहा, हातानंच बसला भाऊ. आता कायले टेन्शन घेता?" मलाही बरं वाटलं. तिथंच थांबायला हवं होतं.

जुना बुश रॉडच्या डोळ्यात कित्येक महिने गरगर फिरला होता. त्यानं स्वतःची बाहेरची बाजू झिजवली होती आणि डोळाही मोठा केला होता. मी त्या झिजलेल्या बुशाची नक्कल केली. मे महिना, मागे सरकीच्या ढेपेचं पोतं, पुलगावचा रस्ता. आधी चढावर टिकटिक ऐकू आली, मग गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी ओढायला लागली आणि मागचं चाक जाम. भावानं वेळेवर क्लच दाबला म्हणून तो पडला नाही. इंजिन उघडलं तेव्हा बुश डोळ्यात फिरलेला, त्याचं ऑइलचं छिद्र रॉडच्या छिद्रापासून सरकून बंद झालेलं, गजन पिन निळी पडलेली आणि पिस्टनवर बोटाच्या नखाला लागतील असे उभे ओरखडे. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलवर जगणाऱ्या इंजिनात एवढं छिद्र बंद होणं पुरेसं असतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: जुना बुश बाजूला ठेवायचा, माप डोळ्याचं घ्यायचं. तीन ठिकाणी, आडवं आणि उभं, टेलिस्कोपिक गेज (भोकात पसरून आतलं माप पकडतं ते) लावून मायक्रोमीटरवर. साधा व्हर्निअर 0.02 मिमीपर्यंतच वाचतो आणि इथं सगळा खेळच तेवढ्याचा आहे. डोळा लंबगोल झाला असेल तर आधी तो गोल करून घ्यायचा. मग बुशाची बाहेरची बाजू डोळ्यापेक्षा 0.03 ते 0.05 मिमी जास्त ठेवायची आणि व्हाइसमध्ये धरून सरळ दाबायचा. हातोडीनं नाही.

दाबल्यावर बुश आतून आवळतो. म्हणून आतलं माप आधीच फायनल करून आणणाऱ्यांची पिन नंतर अडते आणि मग ते पॉलिश पेपर गुंडाळून घासत बसतात. भोक शंखासारखं होतं. दाबल्यानंतर ऑइलचं छिद्र पाडा, कड साफ करा, शेवटी रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारा. ऑइल लावलेली पिन अंगठ्याच्या हलक्या दाबानं सरकली पाहिजे, पण वरखाली डुलता कामा नये.

हाती येईल तो धातू

भंडाऱ्याचं पितळ भांड्यांना उत्तम, पण गजन पिनच्या बुशाला साधं पितळ टिकत नाही; फॉस्फर ब्राँझचा रॉड घ्या. मोटारपंपाचा बुश पाण्यात फिरतो, हा दर स्फोटाला हातोडा खातो. नागपूरची एक चक्कर वाचवण्यासाठी इंजिन घालवू नका.

बोल्ट कापून गजन पिन करणाऱ्यांना मी शेडमधून परत पाठवतो. पिनेची वरची कातडी कडक असते, कानस घासली तर घसरते; बोल्टवर कानस चावते. पिन, रिंग आणि क्रँक पिन घरी बनवायच्या नाहीत. मापाला जमणारी दुसऱ्या इंजिनची शोधा.

लग्नपत्रिकेचं पॅकिंग

हे वाचून हसू नका, मी दोनदा काढलंय. सिलेंडरखाली जाड लग्नपत्रिका कापून बसवलेली, वरून शेलॅक. टू-स्ट्रोकमध्ये पॅकिंगची जाडी म्हणजे पोर्टची, सिलेंडरच्या भिंतीतल्या मिश्रण आणि धूर येण्याजाण्याच्या भोकांची, उंची. अर्धा मिलिमीटर जाड बसवलं की सिलेंडर तेवढा वर जातो, पोर्ट उघडायची वेळ बदलते आणि कॉम्प्रेशन उतरतं. शिवाय कार्ड पेट्रोलनं भिजून विरघळतं, हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापतो.

पत्रिका फक्त खाका काढायला वापरा. ऑइल पॅकिंगची शीट मूळ जाडीचीच घ्या आणि कात्रीनं कापा. केसिंगच्या कडेवर शीट ठेवून हातोडीनं ठोकत कापायची घाई तर अजिबात करू नका. ॲल्युमिनियमची कड दबते आणि ती गळती जन्मभर राहते.

बसवल्यावर मी कार्बोरेटरचं तोंड आणि येझदीचे दोन्ही एक्झॉस्ट रबरानं बंद करतो, प्लगच्या जागी नळीचं ॲडॉप्टर लावतो आणि पिस्टन खाली ठेवून बीपी तपासायच्या जुन्या यंत्राच्या फुग्यानं हवा भरतो. काटा 250 वर नेऊन पाच मिनिटं पाहायचं. उतरला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात. बहुतेक वेळा पॅकिंग नाही, क्रँकचं ऑइल सील निघतं.

बाकी थोडक्यात. तांब्याचं हेड पॅकिंग पुन्हा बसवायचं तर आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करा. क्लचच्या नव्या कॉर्क प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये बुडवा. लेथवरून उतरलेल्या गरम पार्टचं माप घेऊ नका, आणि लाइट जायच्या भीतीनं शेवटचा कट दुप्पट खोल घेऊ देऊ नका.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं चालवून बंद करतो, पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळतो. मग ढेपेच्या पोत्याशिवाय गावाबाहेर एक फेरी आणि आल्यावर प्लग काढून पाहणं. चहाच्या रंगाचा असेल तर गाडी मालकाला देतो. पांढरा असेल तर मिश्रण पातळ आहे, कुठूनतरी हवा शिरत असेल, म्हणून बीपीचं यंत्र पुन्हा बाहेर काढतो.