हरिहरची सॅक तशीच विमानात नेऊ नका

हरिहर किंवा कळसूबाईसाठी भरलेल्या सॅकमध्ये चार गरम कपडे कोंबून तीच परदेशी नेणे, ही नाशिकच्या ट्रेकरांकडून वारंवार होणारी चूक आहे. गडावर जे हाताशी लागते, नेमके तेच विमानात हाताशी ठेवता येत नाही. आणि ही गोष्ट मुंबईच्या विमानतळावर लक्षात आली, तर तोवर घर कसारा घाटापलीकडे राहिलेले असते.

काठमांडूला जाताना माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात कांदा कापायचा घडीचा चाकू राहिला होता. सुरक्षा तपासणीत कप्पा रिकामा करताना आधी चिक्कीचा चुरा, मग एक जुने एसटीचे तिकीट आणि शेवटी तो चाकू निघाला. वेळ हाताशी असती तर विमान कंपनीच्या काउंटरवर परत जाऊन तो सामानात टाकण्याची विनंती करता आली असती. काउंटर बंद झाल्याने तो तिथेच सोडावा लागला. तेव्हापासून मी सॅक आधी अंगणात उलटी करून झटकतो. चाकू, मल्टिटूल, ट्रेकिंगच्या काठ्या आणि तंबूच्या खुंट्या चेक-इन सामानातच जातात. चाकू तिथे चालला तरी उतरल्यावर चालेलच असे नाही, कारण ब्रिटनमध्ये पाते उघडल्यावर लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगणे गुन्हा ठरतो.

पॉवर बँकेचे याच्या उलट आहे. जड म्हणून ती चेक-इन बॅगेत टाकली की बॅग तपासणीत अडकते. लिथियमच्या सेलने पेट घेतला तर केबिनमध्ये तो विझवता येतो, सामानाच्या कक्षात मात्र तिथवर पोहोचणे कठीण असते. मर्यादा 100 वॅट-तासांची असून 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. 20,000 एमएएचला 3.7 व्होल्टने गुणून हजाराने भागले की 74 वॅट-तास येतात, म्हणजे ती निर्धास्त नेता येते. पण घासून पुसट झालेला आकडा अधिकाऱ्यांना वाचता आला नाही तर हा हिशेब कामी येत नाही. हेडटॉर्चचे सुटे लिथियम सेलही केबिनमध्येच, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवावेत.

स्टोव्हच्या गॅसचे कार्ट्रिज (छोटी डबी) अर्धे असो वा जवळपास रिकामे, ते कोणत्याच बॅगेत नेता येत नाही. काठमांडूला जाणाऱ्यांनी ते तिथल्या थमेल भागात विकत घ्यावे. काडेपेटी आणि लायटरही घरीच ठेवावेत. सुके खोबरे मात्र भल्याभल्यांना चकवते: त्यात तेल भरपूर असते, ते आपोआप तापू शकते, म्हणून भारतातील विमानतळांवर ते अडवले जाते. शिदोरीतून खोबऱ्याच्या वाट्या आधीच काढाव्यात.

परदेशात स्वस्त मिळाला म्हणून सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण घेऊन येणे ही सर्वांत महाग चूक आहे, कारण दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते भारतात बाळगल्यास अटकही होऊ शकते.

न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाला जायचे असेल, तर बुटांच्या तळव्यांत अडकलेली अंजनेरीची माती जुन्या टूथब्रशने खरवडून काढावी, बूट पूर्ण वाळवावेत आणि स्वच्छ असले तरी प्रवेशपत्रिकेवर त्यांची नोंद करावी.