टीडीएस कापला, पण 26एएसमध्ये दिसेना

कोथरूडमध्ये इंटिरिअरची कामं करते. 2023-24 चं रिटर्न भरायला बसले, तर एका क्लायंटने कलम 194जे (व्यावसायिक फी) खाली कापलेला 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, फॉर्म 26एएसमधून, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराच्या नोंदीतून, गायब! त्यांच्या अकाउंट्सवाल्या काकांचं एकच पालुपद, "आम्ही भरलाय हो मॅडम." चलनही दाखवलं. पण चलनावर माझं नाव कुठे असतं? शेवटी म्हटलं, काका, 26क्यूमधली, म्हणजे तुमच्या तिमाही टीडीएस विवरणपत्रातली, माझी ओळ दाखवा. पॅनचे दोन आकडे उलटसुलट! दुरुस्ती विवरणपत्र भरायलाही त्यांनी टंगळमंगळ केलीच. भरल्यावर मात्र रक्कम यथावकाश दिसली. पुढे रिटर्नचा फॉर्म आयटीआर-4, कलम 44एडीए, म्हणजे मिळालेल्या एकूण फीपैकी निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. ते चुटकीसरशी झालं. आता टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र दर तिमाहीला मागते. काका वैतागतात, वैतागू देत.