वाळवंटी हवामानातील बाग: पाणी कमी वेळा, पण खोलवर द्यावे

वाळवंटी हवामानात घराभोवतीच्या बागेतले सर्वाधिक पाणी बहुधा हिरवळ पिते. म्हणून ती बसण्या-खेळण्यापुरत्या लहान जागेत ठेवावी आणि उरलेल्या भागात कमी पाण्यावर तगणारी स्थानिक झाडे-झुडपे लावावीत. सारख्या गरजेची झाडे एकत्र असावीत, अन्यथा एका तहानलेल्या रोपासाठी सगळा वाफा भिजवावा लागतो. माझ्या मते सर्वांत मोठी चूक रोज थोडेथोडे पाणी देण्याची असते, कारण त्यामुळे केवळ वरचा थर ओला राहतो, मुळे तिथेच घुटमळतात आणि क्षार पृष्ठभागाजवळ साठत जातात. त्याऐवजी ठिबक सिंचनाने, पहाटे, झुडपांसाठी सुमारे ६० आणि मोठ्या झाडांसाठी सुमारे ९० सेंटिमीटर खोल ओल जाईल इतके पाणी सावकाश द्यावे व पुढच्या पाळीपूर्वी वरची माती सुकू द्यावी. लोखंडी सळई ओल्या मातीत सहज शिरते आणि कोरडा थर लागताच अडते. त्यावरून ओलीची खोली कळते. झाड वाढेल तसे ड्रिपर खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराच्या कडेला सरकवावेत. हे काम हमखास राहून जाते. मातीवर लाकडाच्या तुकड्यांचे ५ ते ८ सेंटिमीटर जाड आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.