युक्रेनी सिनेमाचा खेळ लावायचाय? हॉल नंतर बघा, आधी प्रत मिळवा

कॅनडातल्या प्रेअरी भागात राहणाऱ्या मराठी माणसाला युक्रेनी शेजारी, सहकारी किंवा मुलांच्या शाळेतले पालक भेटले नाहीत असं सहसा होत नाही. युक्रेनी लोक इथे १८९१ पासून येतायत, आणि २०२१ च्या जनगणनेत साडेबारा लाखांहून जास्त लोकांनी आपलं मूळ युक्रेनी सांगितलं. २०२२ नंतर त्यात युद्धामुळे आलेली कुटुंबं मिसळली. त्यामुळे मंडळात सिनेमे लावण्याची सवय असलेल्या माणसाला कधी ना कधी विचारणा होतेच, ‘आमच्या हॉलमध्ये एक सिनेमा लावायचाय, मदत कराल का?’ मी एडमंटनमध्ये ही मदत बरीच वर्षं करतोय. या विषयावर जे सल्ले फिरतात ते पोस्टर, खुर्च्या आणि पॉपकॉर्नचे. ते सगळं जमतं. खेळ अडतो तो प्रतीवर.

तारीख ठरवताना रविवारची सकाळ सोडा, ती चर्चची. ईस्टर आणि नाताळ कधी ते आधी विचारा, कारण काही चर्च जुनी दिनदर्शिका पाळतात आणि काही नवी. नोव्हेंबरचा चौथा शनिवार होलोडोमोरच्या, म्हणजे १९३२-३३ च्या दुष्काळबळींच्या स्मृतीचा. त्या दिवशी विनोदी सिनेमा नको.

सिनेमा निवडताना समोर दोन वेगळे प्रेक्षक बसणार हे धरून चला. पणजोबा गव्हाच्या शेतीसाठी आले त्यांची आजची पिढी इंग्रजी उपशीर्षकांशिवाय बसू शकत नाही. खारकिव्हहून परवा आलेल्यांना उपशीर्षकं नकोत, पण पडद्यावरचा सायरनही नको. मारिउपोल शहराच्या वेढ्यावरच्या ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ला २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं, युक्रेनी सिनेमाचं ते पहिलंच, म्हणून उत्साही समित्या आधी त्याच्याच मागे लागतात. तो माहितीपट कॅनडातल्या इतर लोकांना जरूर दाखवा. जे युद्धातून जीव वाचवून आलेत त्यांना पहिल्याच संध्याकाळी तो दाखवणं मला मान्य नाही. त्यांच्यासाठी ‘माय थॉट्स आर सायलेंट’सारखी २०१९ ची विनोदी गोष्ट लावा, किंवा मुलं असतील तर २०२३ चा ‘माव्का’. युद्धपट लावायचाच असेल तर स्फोटांचे आवाज आहेत हे जाहिरातीत लिहा, दाराशीही सांगा, आणि मधूनच उठून जाता येईल अशी कडेची वाट मोकळी ठेवा.

आता खरं काम.

इंटरनेटवर बहुतेक सगळं सापडतं, मग तेच प्रोजेक्टरला जोडू, असं सुचवणारा एक तरी सदस्य प्रत्येक समितीत असतो. घरच्या वर्गणीत मिळालेला किंवा विकत घेतलेला सिनेमा सार्वजनिक जागी दाखवण्याचा हक्क त्या पैशांत येत नाही. ‘आम्ही तिकीट लावत नाही’ यानेही तो मिळत नाही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी माझा आक्षेप वेगळाच आहे. फुकटची प्रत ही बऱ्याचदा चुकीची प्रत असते. सोव्हिएत काळातल्या अनेक युक्रेनी सिनेमांच्या रशियन डब केलेल्या आवृत्त्याच जगभर पसरल्या. ‘झा द्वोमा झायत्स्यामी’ घ्या. जुन्या कीवमधला कर्जबाजारी न्हावी पैशासाठी दोघींच्या मागे धावतो, ती १९६१ ची धमाल. सिनेमा मुळात युक्रेनी भाषेत झाला, पण कित्येक दशकं लोकांनी तो रशियनमध्येच पाहिला. मूळ युक्रेनी ध्वनी २०१३ मध्ये मारिउपोलच्या फिल्म साठ्यात सापडला, मग त्याची दुरुस्ती झाली. उलट दिग्दर्शक पाराजानोव्हने ‘शॅडोज ऑफ फरगॉटन अँसेस्टर्स’ कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल बोलीत केला आणि रशियन डबिंगला नकार दिला. इतकं ज्यासाठी झगडलं गेलं, तोच सिनेमा युक्रेनी हॉलमध्ये रशियनमधून सुरू झाला की काय होतं? पहिल्या संवादाला खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात, दुसऱ्याला मागच्या रांगेतल्या आजी उभ्या राहतात, आणि पुढची दहा मिनिटं लॅपटॉपशी बसलेला मुलगा घामाघूम होऊन मेनू शोधत असतो. हे मी पाहिलंय.

म्हणून परवानगी मागायची ती योग्य प्रत मिळावी म्हणून. तीच गोष्ट मला सुरुवातीला सगळ्यात जड गेली, कारण कोणाकडे मागायची हेच कळत नाही. कीवमधला निर्माता म्हणतो परदेशातले हक्क पॅरिसच्या किंवा बर्लिनच्या विक्री कंपनीकडे आहेत. ती म्हणते कॅनडासाठी वितरकाला विचारा. वितरक म्हणतो आमचा करार संपला. या चक्रात महिना सहज जातो. त्यावर उपाय एकच. पहिल्याच पत्रात थेट विचारा, ‘कॅनडातल्या एका सामुदायिक खेळाचे हक्क आज कोणाकडे आहेत?’ आणि ते पत्र निर्माता व विक्री कंपनी दोघांना एकत्र पाठवा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. जुन्या सिनेमासाठी सुरुवात कीवच्या डोव्झेन्को सेंटरपासून करा, तो देशाचा राष्ट्रीय चित्रपटसंग्रह आहे.

पत्रात गावाचं नाव, तारीख, हॉलमधल्या खुर्च्या, तिकीट की देणगी, खेळ किती, हे सगळं एका परिच्छेदात द्या. दोन पानांचं भावनिक पत्र नको, युक्रेनवरचं तुमचं प्रेम त्यांना फी ठरवायला उपयोगी पडत नाही. फी एकरकमी असते, किंवा तिकिटांतला वाटा आणि त्याखाली ठरलेली किमान रक्कम. घासाघीस करा, पण सगळं धर्मादाय आहे म्हणून फुकट द्या असं म्हणू नका. त्या माणसालाही स्टुडिओचं भाडं भरायचंय. कीव एडमंटनपेक्षा साधारण ९ तास पुढे आहे, तेव्हा फोन सकाळी करा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तिथल्या वीजव्यवस्थेवर हल्ले होतायत. उत्तर चार दिवसांनी आलं तर दिवे गेले असतील असं समजा आणि रोज आठवण करू नका. दोन महिने हाताशी ठेवा.

परवानगी आली की प्रतीबद्दल लेखी विचारा. मूळ ध्वनी युक्रेनी आहे ना, फाइलमध्ये दुसरा ध्वनी आहे का, असेल तर आपोआप कोणता सुरू होतो? चित्रपटगृह भाड्याने घेतलं असेल तर डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहाच्या यंत्रावर चालणारी डिजिटल प्रत, लागेल. ती कुलूपबंद असेल तर तिची किल्ली त्याच सर्व्हरसाठी आणि ठरावीक तासांपुरतीच चालते, म्हणून आदल्या रात्रीची तालीमही त्या वेळेत बसवून घ्या. चर्चच्या हॉलसाठी साधी व्हिडिओ फाइल मागा, आणि ध्वनी स्टीरिओ. चित्रपटगृहांसाठीच्या अनेक स्पीकरच्या ५.१ ध्वनीत संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. हॉलला तो स्पीकर नसला आणि ध्वनी नीट मिसळला नाही तर संगीत दणदणीत येतं आणि माणसं नुसती ओठ हलवतात.

उपशीर्षकं चित्रावरच छापलेली मिळाली तर उत्तम. उपशीर्षकांच्या मजकुराची वेगळी एसआरटी फाइल आली तर ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आहे का बघा, नाहीतर तीत युक्रेनी अक्षरं असली तर त्यांच्या जागी चौकोन नाहीतर भलतीच चिन्हं उमटतात. मग सिनेमाचा शेवट लावून बघा. सुरुवात नाही, शेवट. सेकंदाला २४ चौकटींच्या प्रतीला २५ च्या प्रतीची उपशीर्षकं जोडली तर अगदी सुरुवातीला फरक कळत नाही, तासाभराने मात्र ती जवळजवळ अडीच मिनिटं पुढे पळालेली असतात. रडणाऱ्या बाईच्या तोंडी पुढच्या प्रसंगातला विनोद.

ही तपासणी त्याच हॉलमध्ये, त्याच लॅपटॉपवर, शेवटच्या रांगेत बसून. घरच्या टीव्हीवर चालली म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्याला चहाच्या टेबलावर पाठवा.

बाकीचं आपोआप होतं. हॉलच्या स्वयंपाकघरातल्या आज्या पिरोही, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, करतील, त्यात नाक खुपसू नका. भाषणं दोनच ठेवा. राष्ट्रगीत होईल, तेव्हा उभे राहा. देणगीची पेटी ठेवणार असाल तर पैसे कुठे जाणार ते पेटीवरच लिहा. हॉलचं भाडं आणि सिनेमाची फी त्यातून काढायची असेल तर तेही. दुसऱ्या दिवशी प्रत पुसून टाका आणि किती माणसं आली, किती पैसे जमले याचा हिशोब निर्मात्याला पाठवा. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा उत्तर चार दिवसांत येतं की चार आठवड्यांत, हे बरंचसं त्या हिशोबावर ठरतं.