अंजनेरीच्या वाटेवर दगडफूल कसं बघावं

गोडा मसाल्यात घालतो ते दगडफूल जिवंत असताना कसं दिसतं, हे मी नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या वाटेवर पहिल्यांदा पाहिलं. तुम्हीही पाहा. पाऊस ओसरला की सकाळी लवकर निघा. सोबत १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि पाण्याची फवारणी बाटली घ्या.

आंब्याचं खरबरीत खोड निवडा. राखाडी चकत्या दिसतील, ते दगडफूल. एका चकतीवर दोन फवारे मारा आणि भिंग डोळ्याला अगदी लावून बघत राहा. राखाडी रंग हिरवट होत जातो, कारण ओली झालेली वरची साय पारदर्शक होते आणि आतलं शैवाल दिसू लागतं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शेजारचं मॉस वेगळं, ती इवलीशी वनस्पतीच. तिला खरी मुळं नसतात, पानांनीच पाणी पिते. कोरडी, मिटलेली पानं पाण्याने उलगडताना बघणं, मला तरी यासारखं सुख नाही!

मग नाशिकच्या गजबजलेल्या चौकातला आंबा छातीच्या उंचीवर तसाच तपासा. धुरातला सल्फर डायऑक्साइड अनेक दगडफुलांना सोसत नाही. मात्र ऊन, ओलावा, साल यांचाही फरक पडतो, म्हणून दोन्हीकडे सावलीचीच बाजू घ्या.

खरवडू मात्र नका. दगडफूल आणि मॉस, दोघंही झाडाला खात नाहीत, आणि बरीचशी दगडफुलं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. माझ्या ओळखीच्या एका खोडाखाली कुणीतरी चूल पेटवली होती. तिथे अजून काळा डागच आहे.