माउसला हात न लावता झोटेरो: नवीन पीएचडीवाल्यांसाठी थोडं

मला स्क्रीनवरचं फार कमी दिसतं, त्यामुळे माझं सगळं काम एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) आणि कीबोर्डवर चालतं. ज्युनियर मंडळी विचारत असतात की संदर्भांचं कसं करतेस, तर मी झोटेरो वापरते, म्हणजे संदर्भ साठवून लेखनात टाकून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हापासून टॅब आणि बाणांनी जवळजवळ सगळीकडे पोचता येतं, त्याआधी बरीच बटणं माउसशिवाय मिळायचीच नाहीत. कुणाच्या लॅपटॉपवर अजून सहावी असेल तर आधी अपडेट करा, मग पुढचं वाचा.

शॉर्टकटची लांबलचक यादी पाठ करत बसू नका. ब्राउझरमध्ये पान सेव्ह करायला कंट्रोल-शिफ्ट-एस, झोटेरोत शोधायला कंट्रोल-एफ, निवडलेल्या नोंदीची संदर्भसूची कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी, सुरुवातीला एवढं पुरतं. आणि हो, कलेक्शनमध्ये (म्हणजे झोटेरोतल्या फोल्डरमध्ये) असताना नुसतं डिलीट दाबलं तर नोंद फक्त त्या कलेक्शनमधून जाते, लायब्ररीत राहते, तेव्हा घाबरू नका.

खरा वेळ वाचतो तो वर्डमध्ये, आणि नेमकी तिथेच झोटेरोची शॉर्टकट आधीपासून लावलेली नसते, आपण लावायची. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, तिथे खाली कीबोर्ड शॉर्टकटचं कस्टमाइझ बटण, मग कॅटेगरीत मॅक्रोज, त्यात झोटेरो अॅड एडिट सायटेशन शोधायचं आणि आपल्याला हवी ती की दाबायची. ती की आधीच दुसऱ्या कशाला दिलेली असेल तर वर्ड तिथेच दाखवतं, मोकळी बघून घ्या. एकदा हे झालं की लिहिता लिहिता की दाबा, आडनाव टाइप करा, खाली बाण, एंटर, पान क्रमांकासाठी कंट्रोल-डाउन, आकडा, एंटर आणि परत एंटर. हात कीबोर्डवरून उठतच नाही. डोळे चांगले असलेल्यांनीही हे करावं असं माझं स्पष्ट मत आहे, माउसने मनगटं दुखवून घेण्यात काय अर्थ आहे.

मराठीवाल्यांची वेगळी कटकट म्हणजे आडनावं. नोंद देवनागरीत असेल आणि तुम्ही रोमनमध्ये शोधलंत तर काही मिळत नाही. मी रोमन स्पेलिंग टॅगमध्ये टाकून ठेवते, मेन विंडोत सगळ्या फील्ड आणि टॅगमध्ये शोधायचा पर्याय ठेवला की सापडतं. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांकच नसतो, त्यामुळे तो क्रमांक देऊन नोंद आपोआप भरणाऱ्या जादूच्या कांडीच्या बटणाचा तिथे उपयोग शून्य, सगळं हाताने भरा.

पण झोटेरो कितीही शिकलात तरी पीडीएफ मुकी असेल तर काय करणार? शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) जुने मराठी प्रबंध बरेचदा नुसते स्कॅन असतात, स्क्रीन रीडरला तिथे कोरं पान. काही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले असतात, तिथे तो रोमन अक्षरांचा कचरा वाचत सुटतो. ओळखायचं कसं, तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, मराठी आली तर ठीक, नाहीतर ओसीआर करा, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर ओळखून घ्या. टेसरॅक्ट या ओसीआरच्या फुकट प्रोग्रॅममध्ये मराठी आहे, गुगल ड्राइव्हवर फाइल डॉक्समध्ये उघडली तरी बऱ्यापैकी मजकूर मिळतो, जोडाक्षरं मात्र तपासा. तो मजकूर त्याच नोंदीला अटॅचमेंट म्हणून जोडा, पण मूळ पीडीएफ उडवू नका, कारण ओसीआरमध्ये पानं सरकतात आणि गाइडला पान क्रमांक छापील प्रतीचाच लागतो.